तिन्ही बाजूंनी करंडक, मधे खानदेश

(पोस्ट मोठी आहे. क्रिकेटची आहे, पण फक्त क्रिकेटची नाही. सवडीने वाचा.)

जळगाव, धुळे, नंदुरबारचा नकाशा जरा डोळ्यासमोर आणा. मुक्ताईनगर ओलांडलं की मलकापूर, म्हणजे विदर्भ. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर, शिरपूरच्या पुढे सेंधवा, म्हणजे मध्य प्रदेश. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं आपल्याकडे आणि अर्धं गुजरातेत. तीन बाजूंना तीन शेजारी.

आता रणजी करंडकाची विजेत्यांची यादी काढा. २०१६-१७ गुजरात. २०१७-१८ विदर्भ. २०२१-२२ मध्य प्रदेश. तिघांनीही त्या त्या वर्षी पहिल्यांदाच करंडक जिंकला. पाच-सहा वर्षांत आपल्या तिन्ही बाजूंचे शेजारी भारताचे विजेते झाले. आपण ज्या महाराष्ट्र संघटनेत येतो, त्या महाराष्ट्राने हा करंडक शेवटचा जिंकला १९४०-४१ मध्ये. तेव्हा देशात इंग्रजांचं राज्य होतं.

हे शेजारी जिंकले कसे, हे शोधायला गेलं की एकच नाव पुन्हा पुन्हा समोर येतं. चंद्रकांत पंडित. विदर्भ जिंकला तेव्हा प्रशिक्षक तेच. मध्य प्रदेश जिंकला तेव्हाही तेच. आणि गुजरात जिंकला तेव्हा समोर हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षकही तेच होते. त्या माणसाची ही गोष्ट. आणि गोष्टीच्या शेवटी आपला एक प्रश्न.

यष्टीमागचा माणूस

पंडित यांचा जन्म १९६१ चा, मुंबईचा. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलांपैकी ते एक. तेंडुलकर-कांबळीच्या आधीची पिढी. भारतासाठी ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. १९८६ ला इंग्लंडमध्ये कसोटी पदार्पण, १९८७ च्या विश्वचषकात संघात. पण त्या काळात यष्टीमागची जागा किरण मोरेंची होती, त्यामुळे पंडित कधी फलंदाज म्हणून आत, कधी बाहेर. मोठा खेळाडू होता होता राहिलेला माणूस, असं म्हणा हवं तर.

असे लोक पुष्कळदा चांगले प्रशिक्षक होतात. ज्याला सगळं सहज जमतं त्याला दुसऱ्याला का जमत नाही ते कळत नाही. ज्याला जागेसाठी झगडावं लागलं, त्याला बाकावर बसलेल्या पोराच्या मनात काय चाललंय ते कळतं.

कारकिर्दीच्या उत्तरार्धात पंडित मध्य प्रदेशकडून खेळले, पुढे कर्णधार झाले. १९९८-९९ मध्ये त्यांनी मध्य प्रदेशला अंतिम फेरीत नेलं. सामना बंगळुरूला, समोर कर्नाटक. मध्य प्रदेशकडे पहिल्या डावाची आघाडी होती. म्हणजे शेवटच्या दिवशी नुसता सामना अनिर्णित ठेवला असता तरी करंडक त्यांचा होता. पण डाव कोसळला आणि करंडक कर्नाटकने नेला. ही सल मनात ठेवा, पुढे कामी येईल.

जिंकूनही नोकरी गेली

प्रशिक्षक म्हणून पंडित यांनी सुरुवातीलाच मुंबईला लागोपाठ दोनदा रणजी जिंकून दिला, २००२-०३ आणि २००३-०४. नंतर इतर ठिकाणी काम करून ते परत मुंबईकडे आले आणि २०१५-१६ ला पुन्हा करंडक. मुंबईचा तो ४१ वा.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, मुंबई पुन्हा अंतिम फेरीत. ठिकाण इंदूरचं होळकर स्टेडियम. समोर गुजरात. चौथ्या डावात ३१२ धावांचं आव्हान होतं. पार्थिव पटेलने १४३ केल्या आणि गुजरातने ते पार केलं. रणजीच्या अंतिम सामन्यात तोवर एवढ्या धावांचा पाठलाग कोणी केला नव्हता.

मुंबईने पंडित यांना काढलं. एका वर्षी विजेतेपद, दुसऱ्या वर्षी उपविजेतेपद, आणि तिसऱ्या वर्षी प्रशिक्षक घरी! मुंबईत दुसरा नंबर म्हणजे नापास.

इथे थोडं लांबचं उदाहरण देतो. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ कॉलेजांमधून वर येतो. तिथे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉड डेडो नावाचे प्रशिक्षक होते. १९४२ ते १९८६, एकाच विद्यापीठात! त्या काळात ११ राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली १९७० ते १९७४ अशी सलग पाच. स्वतःचा वाहतुकीचा धंदा होता, म्हणून विद्यापीठाकडून नाममात्र वर्षाला एक डॉलर घ्यायचे म्हणतात. मुद्दा डॉलरचा नाही. मुद्दा हा की एका माणसाला चार दशकं एका जागी राहू दिलं. मुलं येत गेली, जात गेली, पण पद्धत राहिली. आपल्याकडे प्रशिक्षकाचा करार वर्षावर असतो आणि निकालावर टांगलेला असतो. अशा करारात कोण कशाला पाच वर्षांनंतरचा विचार करील?

विदर्भाचा नांगर आधीच चालू होता

मुंबईने सोडलेल्या पंडितांना विदर्भाने उचललं. २०१७ चीच गोष्ट.

विदर्भ म्हणजे तेव्हा काय? १९५७-५८ पासून रणजी खेळणारा संघ. साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी नाही. वर्षानुवर्षं खालच्या गटात. मोठ्या संघांचे खेळाडू त्यांच्याविरुद्ध धावांची सरासरी वाढवून घ्यायचे.

पण एक गोष्ट आपण पेपरवाले लोक नेहमी विसरतो. "पंडित आले आणि जादू झाली" असं छापायला सोपं असतं. मथळाही चांगला होतो. प्रत्यक्षात पंडित येण्याच्या कितीतरी आधीपासून विदर्भात काम चालू होतं. २००८ ला नागपूरजवळ जामठ्याचं नवं मैदान सुरू झालं. मैदानं सगळेच बांधतात, पण विदर्भाने सोबत निवासी अकादमी काढली. जिल्ह्याजिल्ह्यातून पोरं उचलून आणायची, ठेवायची, खाऊपिऊ घालायचं, खेळवायचं. वयोगटांचे संघ बांधायचे. त्याच २०१७-१८ च्या मोसमात विदर्भाच्या १९ वर्षांखालच्या पोरांनीही कूचबिहार करंडक जिंकला. मोठे आणि छोटे एकाच वर्षी देशात पहिले. हा योगायोग नसतो.

उमेश यादव हे त्या भागातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा, विशीच्या आसपास पहिल्यांदा लेदर बॉल हातात घेतलेला. तो भारताकडून खेळला, तेव्हा विदर्भातल्या शेकडो बापांना वाटलं की आपल्याही पोराचं काहीतरी होऊ शकतं. नांगरट झाली होती, बी पडलं होतं, पाऊसही झाला होता. फक्त पीक काढणारा हात हवा होता.

पंडितांनी काय केलं? नवीन तंत्रबिंत्र काही नाही. वेळेवर या. मोठा असो की धाकटा, नियम एक. सराव म्हणजे सराव. "आपण विदर्भाचे, आपलं कुठे काय होणार" हे वाक्य बंद. ते कडक आहेत, जाच वाटावा इतके कडक आहेत, हे त्यांच्या हाताखाली खेळलेली मुलं स्वतःच सांगतात. पण त्याच बरोबर हा माणूस आपल्याला जिंकवणार, ही खात्रीही त्यांना होती.

ज्येष्ठांची साथ मिळाली. मुंबईहून आलेला वसीम जाफर आधीच्या मोसमात दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता. त्या वर्षीचे पैसे संघटनेने दिले होते, म्हणून २०१७-१८ मध्ये तो मानधन न घेता खेळला. कर्णधार फैज फजल नागपूरचाच. त्याने त्या मोसमात ९१२ धावा केल्या. आणि गोलंदाजीत रजनीश गुरबानी, सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला पोरगा.

उपांत्य सामना कोलकात्याला, समोर कर्नाटक. पहिल्या डावात विदर्भ १८५ वर बाद. कर्नाटकने ३०१ केल्या. सामना गेल्यातच जमा होता. पण दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ करून कर्नाटकपुढे १९८ चं आव्हान ठेवलं आणि गुरबानीने ६८ धावांत ७ बळी घेतले. कर्नाटक १९२ वर संपलं. विदर्भ पाच धावांनी जिंकला.

अंतिम सामना कुठे? त्याच इंदूरला, त्याच होळकर स्टेडियमवर. जिथे हरल्यामुळे पंडितांची मुंबईची नोकरी गेली, त्याच मैदानावर, वर्षभराच्या आत. समोर दिल्ली. गुरबानीची हॅटट्रिक, तिन्ही त्रिफळा. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी फक्त एकदा, १९७२-७३ मध्ये, हॅटट्रिक झाली होती. त्याच मोसमात आलेल्या अक्षय वाडकर या यष्टिरक्षकाने १३३ केल्या. विदर्भ ५४७. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ ९ गडी राखून विजेता.

आणि एक बारीकशी नोंद. त्या अंतिम सामन्यात एका पोराने रणजी पदार्पण केलं. आदित्य ठाकरे, अकोल्याचा. लगेच त्याच महिन्यात तो १९ वर्षांखालच्या भारतीय संघात विश्वचषकाला गेला. अकोल्याचाच अथर्व तायडे पुढे विदर्भाचा सलामीवीर झाला. अकोला म्हणजे भुसावळहून गाडीत बसलं की दोन-अडीच तास. आपलंच हवामान, आपलाच कापूस, आपल्यासारखाच उन्हाळा.

एकदा जिंकणं आणि जिंकत राहणं

पुढच्या वर्षी विदर्भाने पुन्हा रणजी जिंकला. नागपूरला सौराष्ट्राविरुद्ध, ७८ धावांनी. आदित्य सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एक धाव करू दिली. चाळिशी ओलांडलेल्या जाफरने त्या मोसमात हजारावर धावा केल्या. त्या दोन्ही मोसमांत इराणी करंडकही विदर्भाकडेच. दुसऱ्या वेळी तर बक्षिसाची रक्कम पुलवाम्यातल्या शहीद जवानांच्या कुटुंबीयांना दिली.

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशकडे गेले. आता माझ्या मते प्रशिक्षकाची खरी परीक्षा इथे सुरू होते. तो असताना संघ जिंकतो का, हे सगळे बघतात. तो गेल्यावर काय होतं, ते फारसं कुणी बघत नाही.

विदर्भाचं काय झालं? २०२३-२४ ला पुन्हा अंतिम फेरी, वानखेडेवर मुंबईकडून हार. २०२४-२५ ला पुन्हा अंतिम फेरी, आणि मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा करंडक. प्रशिक्षक कोण? उस्मान गनी, विदर्भाचेच जुने खेळाडू. कर्णधार कोण? तोच अक्षय वाडकर, जो इंदूरला शतक ठोकणारा नवखा पोरगा होता. करुण नायरसारखा बाहेरचा मोठा खेळाडू होताच, त्याने शतकही केलं. पण पहिल्या डावात १५३ करणारा दानिश मालेवार आणि मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम मोडणारा हर्ष दुबे ही घरची पोरं.

पंडित गेले, जाफर गेला, फजल निवृत्त झाला. विदर्भ थांबला नाही. मोठ्या माणसाने हात लावला म्हणून झाड एकदा बहरू शकतं. दरवर्षी बहर यायचा तर मुळाशी कुणीतरी पाणी घालत असावं लागतं.

बंगळुरूची सल

आता ती १९९९ ची सल. २०२१-२२ ला पंडित यांचा मध्य प्रदेश अंतिम फेरीत पोचला. ठिकाण पुन्हा बंगळुरू, तेच चिन्नास्वामी स्टेडियम. समोर मुंबई, ४१ वेळा जिंकलेली. गंमत बघा, मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार हेही आचरेकर सरांचेच शिष्य. एका गुरूचे दोन विद्यार्थी दोन बाजूंना.

तयारी किती कडक होती? कर्णधार आदित्य श्रीवास्तवला स्वतःच्या लग्नासाठी दोन दिवसांची सुट्टी मिळाली होती, ही गोष्ट तेव्हा बरीच गाजली. मुंबईच्या ३७४ ला मध्य प्रदेशने ५३६ चं उत्तर दिलं. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. सहा गडी राखून विजय. २६ जून २०२२. २३ वर्षांपूर्वी जिथे कर्णधार म्हणून करंडक हातचा गेला, तिथे प्रशिक्षक म्हणून तो मिळाला. पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि तो कडक म्हातारा मैदानात रडला. प्रशिक्षक म्हणून त्यांचा तो सहावा रणजी करंडक.

सगळीकडेच त्यांची पद्धत चालली असं मात्र नाही. पुढे कोलकाता नाईट रायडर्सचे प्रशिक्षक असताना २०२४ ला आयपीएल जिंकले, पण त्यांची शिस्त काही परदेशी खेळाडूंना जाचली, असंही बाहेर आलं. २०२५ ला ते तिथून बाजूला झाले. दोन महिन्यांच्या मामल्यात, कोट्यवधींच्या खेळाडूंना शाळा चालत नाही. ज्यांना शाळाच मिळालेली नसते, त्यांना ती चालते. पंडितांचं मोठं यश नागपूर-इंदूरचं आहे, ते याच कारणाने.

आणि महाराष्ट्र?

महाराष्ट्राला इतिहास नाही असं नाही. उलट, सगळ्यात देखणा इतिहास आपलाच. १९३९-४० आणि १९४०-४१, लागोपाठ दोन वर्षं रणजी. कर्णधार दि. ब. देवधर. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक, वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर! संघात विजय हजारे, रंगा सोहोनी. कॉलेजातला मास्तर आपला संघ देशात पहिला आणतो, हे आपण ८५ वर्षांपूर्वी करून दाखवलंय. १९४८ ला भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात नाबाद ४४३ केल्या. आजही भारतातल्या प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ती सर्वोच्च खेळी आहे.

त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ ला महाराष्ट्र अंतिम फेरीत पोचला. तिन्ही वेळा हरला. केदार जाधव, ऋतुराज गायकवाड असे खेळाडू दिले. खेळाडू येतात. करंडक येत नाही.

मी कुणा अध्यक्षावर किंवा पक्षावर बोट ठेवत नाही. अध्यक्ष बदलतात, प्रश्न तोच राहतो. मला इथे बसून जे दिसतं ते एवढंच: शिरपूरच्या पोराला इंदूर पुण्यापेक्षा जवळ आहे. मुक्ताईनगरचा पोरगा तासाभराच्या अंतरावर मलकापूरला जन्मला असता तर त्याची निवड चाचणी नागपूरच्या हिशेबात झाली असती. नकाशावरच्या एका रेघेने त्याला पुण्याच्या रांगेत उभं केलंय. रेघ काही आपण पुसू शकत नाही. पण रांग आपल्या दारापर्यंत आणा, असं म्हणू शकतो.

म्हणून तीन गोष्टी. जिल्ह्यातल्या क्रीडाप्रेमींनी, पालकांनी, नगरसेवकांनी, आमदारांनी विचारायच्या.

एक. खानदेशातल्या तीन जिल्ह्यांतून १४, १६ आणि १९ वर्षांखालच्या चाचण्यांना दरवर्षी किती मुलं-मुली जातात, किती पुढच्या फेरीत पोचतात? हा आकडा दरवर्षी जाहीर व्हायला हवा. दहावीचा निकाल तालुकावार लागतो ना, तसा.

दोन. खानदेशासाठी एखादी निवासी अकादमी का नको? क्रिकेटचीच असं नाही. कुस्ती, कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, काहीही. पोराला राहायला जागा, पोटभर जेवण आणि रोज मैदानात उभा राहणारा एक माणूस. विदर्भाने बांधलेली पहिली वीट हीच होती.

तीन, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. शाळेतल्या पी.टी.च्या सरांना आणि कॉलेजच्या क्रीडा संचालकाला मैदानावर राहू द्या. आज हा माणूस कुठे दिसतो? परीक्षेच्या सुपरव्हिजनला, निवडणुकीच्या ड्युटीवर, पाहुण्यांच्या स्वागताच्या कमिटीत. बुद्धिबळापासून कुस्तीपर्यंत सगळे संघ त्याच्या एकट्याच्या गळ्यात. वर्षाअखेरीस "या वर्षी एकही मेडल नाही?" हा प्रश्नही त्यालाच. पंडितांसारखा माणूस आपल्या गावात आला, तरी त्याला आपण आधी मतदार यादीच्या कामाला लावू.

वर्षभरात करंडक मागू नका, असं त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं. पाच वर्षं घे म्हणावं. पहिल्या दोन वर्षांत पोरं वेळेवर आली तरी पुरे. विदर्भाला साठ वर्षं लागली, मध्य प्रदेशला प्रशिक्षकाच्या रूपाने जुना कर्णधार परत आणावा लागला. आपल्याला किती लागतील ते सुरुवात केल्याशिवाय कळणार नाही.

तुमच्या गावात असा एखादा सर असेल, जो संध्याकाळी स्वतःच्या खिशातून चेंडू आणून पोरांना खेळवतो, तर त्याला या आठवड्यात जाऊन भेटा. काय कमी पडतंय ते विचारा. नेट असेल, रोलर असेल, मैदानाला पाणी असेल. त्यातलं एक जरी आपल्याला जमण्यासारखं असेल, तर तेवढं करून टाका.